कायद्याने मोकळं केलं, पण पोटातल्या बाळाचं काय?

आज थोडा लांबचा इतिहास सांगणार आहे, पण तो शेवटी आपल्याच दारात येऊन थांबतो. सध्या मोबाइलवर एक निरोप फिरतोय. “अमेरिकेत, कॅनडात गांजाला सरकारने परवानगी दिली. म्हणजे ते औषधच आहे, आपल्याकडे उगाच बाऊ करतात.” बचत गटाच्या बैठकीत एकीने मला विचारलं, “ताई, तिकडचं सरकार एवढं शिकलेलं, ते काय वाईट गोष्टीला परवानगी देईल?” प्रश्न चांगला आहे. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर देऊन भागत नाही, म्हणून आजचं भाषण.

एक गोष्ट आधीच सांगते. एखादी वस्तू बाळगली म्हणून माणसाला तुरुंगात टाकायचं की नाही, हा कायद्याचा प्रश्न. तीच वस्तू पोटुशी बाईच्या रक्तात गेली तर बाळाचं काय होतं, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळालं, असं होत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत तिकडे नेमकी हीच गफलत झाली, आणि तिची किंमत तान्ह्या बाळांनी मोजली.

सुरुवात आपल्या देशातूनच करू, कारण या वनस्पतीची पहिली मोठी सरकारी चौकशी इथेच झाली. १८९३ साली इंग्रज सरकारने एक आयोग नेमला. इंग्लंडच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला होता, की हिंदुस्थानात गांजा, भांग, चरस यांनी लोक वेडे होतात का, गुन्हे करतात का. आयोगाचे सात सदस्य होते, त्यांतले तीन भारतीय. सगळे पुरुष. त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अहवाल दिला. आपल्या मुंबई इलाख्यातूनही साक्षी गेल्या. तेव्हा नगर जिल्ह्यात परवान्याने गांजाचं पीक घेतलं जायचं. आयोग म्हणाला, थोड्या सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. सरसकट बंदी नको, परवाने द्या आणि कर लावा.

त्या आयोगाने साक्षीदारांना विचारलेल्या प्रश्नांत एक असाही होता, की सेवन करणाऱ्याच्या मुलांवर काही परिणाम होतो का. म्हणजे प्रश्न सुचला होता. पण अहवालाचा सगळा भर वेड, गुन्हे आणि महसूल यांवर राहिला. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत तो पोचला नाही.

आता अमेरिकेकडे जाऊ. तिथे १९३७ साली गांजावर असा जबर कर आणि इतक्या अटी लादल्या, की व्यवहारात बंदीच झाली. १९७० च्या कायद्याने तो सर्वांत कडक यादीत गेला. या बंदीखाली लाखो लोकांना अटक झाली. त्यांत गोऱ्यांपेक्षा काळे लोक जास्त भरडले गेले. वापर दोघांत साधारण सारखाच, पण अटक त्यांना जास्त. म्हणून बंदी उठवा म्हणणारे सगळे नशेबाज होते असं समजू नका. त्यांतल्या पुष्कळांना हा अन्याय थांबवायचा होता.

१९९६ साली कॅलिफोर्निया राज्याने आजाऱ्यांसाठी औषध म्हणून परवानगी दिली. कॉलोराडो राज्याने २००० साली तेच केलं. मग ६ नोव्हेंबर २०१२ ला कॉलोराडोच्या मतदारांनी थेट मतदान करून सर्व प्रौढांना परवानगी दिली. शंभरातल्या ५५ जणांनी हो म्हटलं. १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली, आणि कडाक्याच्या थंडीत लोकांनी बाहेर रांगा लावल्या. करातून येणारे पहिले चार कोटी डॉलर दरवर्षी शाळा बांधायला द्यायचे, असंही त्या प्रस्तावातच लिहिलेलं होतं. शाळेत जाणाऱ्या मुलांचा विचार झाला होता. जन्माला यायच्या बाळाचा विचार पाकिटावरच्या बारीक अक्षरांतल्या इशाऱ्यापुरता राहिला.

तोवर शास्त्राला काय माहीत होतं? गांजात नशा आणणारा जो मुख्य घटक आहे त्याला टीएचसी म्हणतात. तो १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने वेगळा काढला. पुढे १९९२ साली मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत कळलं, की आपल्या मेंदूतही तशाच प्रकारचं काम करणारा एक पदार्थ निसर्गतःच तयार होतो. त्याला नाव दिलं ‘आनंदामाइड’. हा आपलाच शब्द आहे, संस्कृतातला आनंद. गर्भातल्या बाळाचा मेंदू घडत असताना कुठली पेशी कुठे जाईल, कुणाला जोडली जाईल, या कामात ही नैसर्गिक व्यवस्था भाग घेते. आईने गांजा घेतला की टीएचसी वार ओलांडून बाळाकडे जातो आणि याच व्यवस्थेत लुडबुड करतो. घर बांधताना गवंड्याला मालकाबरोबर दुसरंच कुणी सूचना देऊ लागलं तर काय होईल, तसं समजा. शिवाय चिलीम ओढा की सिगारेट, धुरातला विषारी वायू रक्तातला प्राणवायू कमी करतो, आणि बाळाला जो श्वास मिळतो तो आईच्या रक्तातूनच.

हे नुसतं तर्काने नव्हे, बाळं पाहूनही तपासलं गेलं. कॅनडातल्या ओटावा शहरात पीटर फ्राइड यांनी १९७८ साली गरोदर स्त्रियांची नोंद सुरू केली आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत तपासली. गांजा घेणाऱ्या आयांची काही बाळं जन्मल्यावर जास्त थरथरायची, जास्त दचकायची. पुढे चार वर्षांची झाल्यावर भाषेच्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फरक दिसला. अमेरिकेत पिट्सबर्गला १९८२ पासून नॅन्सी डे यांनी असंच काम केलं.

आता दुसरी बाजूही ऐका. जमैका बेटावर मेलनी ड्रेहर या अभ्यासिकेने गांजा घेणाऱ्या आयांची २४ आणि न घेणाऱ्यांची २० बाळं पाहिली. १९९४ साली तिने प्रसिद्ध केलं, की तिसऱ्या दिवशी दोन्हींत फरक नव्हता, आणि महिन्याने तर घेणाऱ्यांची बाळं थोडी सरस होती. गांजाच्या बाजूने बोलणारे हा अभ्यास आजही पुढे करतात. पण ड्रेहर यांनी स्वतःच याचं श्रेय आयांच्या परिस्थितीला दिलं. ज्या आईच्या हातात पैसा आहे, जिला घरात-शेजारात आधार आहे, तिचं बाळ सावरतं. हे तर बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको. आणि बाळं होती अवघी ४४. एवढ्यावरून साऱ्या जगाला सल्ला देता येत नाही. त्यातच माल बदलत गेला. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या गांजात १९९५ च्या सुमारास शंभर भागांत चार भाग टीएचसी असे, २०१४ पर्यंत तो बारा भागांवर गेला. म्हणजे जुने अभ्यास सौम्य गांजाचे आणि दुकानातला माल तिप्पट कडक.

आता मुख्य गोष्ट. दिवस गेले की मळमळ सुटते, अन्नाचा वास नको होतो, कोरड्या उलट्यांनी जीव हैराण होतो. हे जगभर सारखंच. कॅलिफोर्नियात एका मोठ्या आरोग्यसंस्थेने गरोदर स्त्रियांना विचारून आणि त्यांची लघवी तपासून नोंद ठेवली. २००९ मध्ये शंभरातल्या चार जणींत गांजाचा वापर आढळायचा, २०१६ मध्ये सात जणींत. अठरा ते चोवीस वयाच्या मुलींत तर शंभरात एकोणीस. आणि ज्यांना खूप उलट्या होत्या त्यांच्यात वापर, त्रास नसलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त. म्हणजे यांतल्या कितीतरी बाया मौजेसाठी नव्हे, उलट्या थांबाव्यात म्हणून घेत होत्या.

मग या बायकांना सल्ला कोण देत होतं? हे शोधायला कॉलोराडोतल्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती केली. एका बाईने राज्यातल्या ४०० गांजा-दुकानांना फोन लावला आणि सांगितलं, “मला दोन महिने झालेत, मळमळ फार होते, काय घेऊ?” २७७ दुकानांनी, म्हणजे शंभरातल्या ६९ नी, गांजाचा काहीतरी प्रकार सुचवला. आणि बहुतेकांनी हा सल्ला स्वतःच्या मताने दिला. कुणाच्या बहिणीला गुण आला असेल, कुणी कुठे ऐकलं असेल. शंभरातल्या ३६ जणांनी तर गरोदरपणात हे सुरक्षित आहे असंच सांगितलं. डॉक्टरला विचारा, असं न विचारता आपणहून सांगणारे तिघांत एक. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा देशभर खळबळ उडाली. पाकिटावर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी इशारा छापलेला होताच. पण बाई पाकीट वाचत बसत नाही, ती समोरच्या माणसाला विचारते. आणि समोर होता विकणारा.

मैत्रिणींनो, माझ्या मते सगळ्या इतिहासाचं मर्म इथे आहे. कायदा बाजूला झाला की बाईच्या प्रश्नाला पहिलं उत्तर देतो तो दुकानदार. आरोग्यखातं मागून धापा टाकत येतं.

बाळांचं काय झालं ते आता आकड्यांत सांगते, पण सोपं करून. कॉलोराडोत २०१४ आणि २०१५ मध्ये बाळंत झालेल्या स्त्रियांची पाहणी झाली. गरोदरपणी गांजा घेतलेल्यांना कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता दीडपट दिसली. कमी वजन म्हणजे अडीच किलोच्या आत. आपल्या आशाताई काट्यावर हेच बघतात. आईचं वय, शिक्षण, तंबाखूचं व्यसन हे सगळं हिशेबात धरूनही ती दीडपट राहिली.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात त्याहून मोठा अभ्यास झाला, साडेसहा लाखांहून जास्त स्त्रियांचा. तो २०१९ साली आला. सारखं वय, सारखी परिस्थिती, सारख्या सवयी अशा जोड्या लावून पाहिलं. गांजा न घेणाऱ्यांत हजारामागे ७२ बाळं दिवस भरायच्या आधी जन्मली, घेणाऱ्यांत १०२. हजारामागे तीस बाळं जास्त. दिवस भरायच्या आधी आलेलं बाळ म्हणजे काय, हे जिचं लेकरू काचेच्या पेटीत होतं तिला विचारा. बाहेर उभं राहून काचेतून बघायचं, दूध काढून नर्सच्या हाती द्यायचं, आणि रोज सकाळी वजन किती वाढलं एवढंच विचारायचं.

यावर कुणी म्हणेल, बायका खरं सांगत नाहीत, मग आकडे खरे कसे? म्हणून अमेरिकेत नऊ हजारांहून जास्त, पहिलटकरणी असलेल्या स्त्रियांच्या साठवून ठेवलेल्या लघवीच्या नमुन्यांची तपासणी करून एक अभ्यास झाला. तो २०२३ साली आला. बाळाची वाढ खुंटणं, वेळेआधी बाळंतपण करावं लागणं, बाळ पोटात दगावणं, आईचा रक्तदाब वाढणं, यांतलं काही ना काही गांजाचा अंश सापडलेल्यांपैकी शंभरात २६ जणींना झालं, इतरांपैकी १७ जणींना.

दुधाचंही सांगते, कारण “बाळंत झाले, आता काय” असं वाटू शकतं. कॉलोराडोतच २०२१ मध्ये, बाळंतपणानंतर गांजा पूर्ण बंद केलेल्या सात स्त्रियांचं दूध तपासलं. सहा आठवडे तपासलं, सहाही आठवडे टीएचसी सापडत राहिला. तो चरबीत मुरतो आणि दुधातही चरबी असते. म्हणजे बाळाचा सव्वा महिना होईपर्यंत ते दुधातून उतरतच असतं.

हे सगळं कायद्यानेच झालं का? तसं सरळ म्हणणं खोटं ठरेल. कॅलिफोर्नियात वापर वाढत होता तो काळ मौजेसाठी परवानगी मिळण्याच्या आधीचा आहे. शिवाय भीती गेली की लोक मोकळेपणाने सांगतात, त्यानेही नोंदी वाढतात. तरी कॅनडाचा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ ला देशभर परवानगी मिळाली. ओंटारिओत गांजामुळे तातडीने दवाखान्यात न्यावं लागलेल्या गरोदर स्त्रिया त्याआधी दर तिमाहीत लाखामागे ११ होत्या, त्यानंतर २० झाल्या. आकडा लहान आहे, पण जवळजवळ दुप्पट आहे. आणि या स्त्रियांच्या बाळांना अतिदक्षता विभागात ठेवण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होतं.

मग उपाय काय, पुन्हा बंदी आणि तुरुंग? अमेरिकेतल्या काही राज्यांनी तेही करून पाहिलं. गरोदर बाईच्या तपासणीत नशेचा अंश सापडला की पोलिसांना कळवायचं, मूल काढून घ्यायचं. परिणाम उलटा झाला. बाया तपासणीलाच येईनाशा झाल्या. म्हणून तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना दोन गोष्टी एकाच श्वासात सांगते. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना गांजा नको. आणि बाईने खरं सांगितलं म्हणून तिला शिक्षाही नको. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने साऱ्या देशाला इशारा दिला, की गरोदरपणात गांजाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित ठरलेलं नाही. कॉलोराडोतली दुकानं उघडून तोवर साडेपाच वर्षं झाली होती.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा आजही गुन्हा आहे. मग आपला काय संबंध? संबंध असा, की परवान्याच्या दुकानातली नशा आणि तान्हं बाळ ही गोष्ट मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे. तेव्हा अफू परवान्याच्या दुकानात राजरोस मिळायची, आणि तिच्या ‘बाळगोळ्या’ विकल्या जायच्या. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने सरकारसाठी गिरणी कामगार बायकांची चौकशी केली. तिने नोंदवलं, की या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. त्या आया काही निर्दयी नव्हत्या. दिवसभर गिरणीत उभं राहायचं, लेकरू चाळीत टाकून जायचं, ते रडून मरू नये म्हणून झोपवायचं. बाळंतपणाची पगारी रजा देणारा मुंबईचा कायदा १९२९ साली आला. दोष आईचा धरला असता तर कुणाला रजेची आठवणही झाली नसती.

आणि आजचं सांगू? मिश्री. ती घरी भाजून लावायला कुठलाच कायदा आड येत नाही. सकाळी उठल्यावर दाताला लावायची, मळमळलं की परत लावायची, कळ काढायला परत. आणि नवी सून पोटुशी असली की सासूच मायेने म्हणते, “लाव गं जरा, बरं वाटेल.” मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांत तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्यांपैकी बहुतेक जणी मिश्रीवाल्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. जे बाळ मुळात अडीच किलोच्या काठावर आहे, त्याला १०५ ग्रॅम थोडे नाहीत. तिकडे काउंटरवरचा विक्रेता जे सांगत होता, ते इकडे आपणच एकमेकींना सांगत असतो. फरक एवढाच, की आपण ते प्रेमाने सांगतो.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, की पाच मिनिटं काढा. गटात कुणाला दिवस गेले असतील तर तिला विचारा, मळमळीवर काय घेतेस गं? विचारताना आवाज पोलिसाचा नको, बहिणीचा असू द्या. ती मिश्री म्हणाली, भांग म्हणाली, कुणी दिलेली पुडी म्हणाली, तरी आधी ऐकून घ्या. मग सांगा, की उलट्यांवर गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या असतात आणि त्या डॉक्टरच लिहून देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिच्याबरोबर एक जण जा. आशाताईंना घरी बोलवा. पाणी पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, चक्कर येत असेल, तर ९ तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.

आणि कुणी म्हणालं, दुकानात मिळतं, सरकारने बंद केलं नाही, मग वाईट कसं असेल? तर तिला सांगा, सरकारने मोठ्या माणसाचा विचार करून कायदा केला. पोटातलं बाळ मतदानाला गेलं नव्हतं. त्याच्या वतीने विचारायचं काम आपलं आहे.